चीजचा कारखाना बघायचा तर सकाळीच

चीजच्या कारखान्याची फेरी आणि शेवटी वाइन टेस्टिंग असा बेत आखणारे बहुतेक जण दुपारी चारची वेळ मागतात. ऊन उतरलेलं असतं, टेस्टिंगला संध्याकाळ बरी वाटते. पण चारला पोचलात तर धुतलेली फरशी आणि पालथे घातलेले साचे, एवढंच बघायला मिळतं. चीज सकाळी होतं. दूध पहाटे येतं, सहा-सातला व्हॅटमध्ये, म्हणजे चीजच्या मोठ्या टाकीत, पडतं, नऊच्या आसपास कर्ड, म्हणजे घट्ट झालेलं दूध, कापलं जातं आणि बारापर्यंत सगळं साच्यात, दाबाखाली. नागपूरच्या उन्हाळ्यात हे वेळापत्रक आणखी अलीकडे सरकतं, कारण पारा ४५ वर असताना दुधाची गाडी उशिरा आलेली कुणालाच परवडत नाही. म्हणून वेळ ठरवताना फोनवर एकच विचारा: कर्ड किती वाजता कापता? त्याच्या अर्धा तास आधी तिथे असा.

जाताना अत्तर किंवा परफ्यूम लावू नका. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तो त्या दिवशी सकाळपासूनच बंद ठेवावा. सुपारीने तोंड आखडलं की हलक्या चीजची चव लागतच नाही, आणि रेड वाइनचा तुरटपणा द्राक्षाचा की सुपारीचा हेही कळत नाही. पायात बंद बूट हवेत, फरशी कायम ओली असते.

पहिला प्रश्न दुधाचा. गाईचं की म्हशीचं, आणि किती वेळापूर्वी काढलेलं? आपल्याकडची गवळाऊ गाय आणि नागपुरी म्हैस ही विदर्भाची स्वतःची जनावरं, पण युनिटमध्ये येणारं दूध बहुधा संकरित गाईंचं असतं. म्हशीच्या दुधात फॅट आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे ते लवकर आणि घट्ट लागतं. मोझरेलाला हे फार छान. चेडर किंवा गौडासारख्या मुरवायच्या चीजला मात्र तेच नडतं: कर्ड कडक होतं, चीज कोरडं लागतं आणि मुरायला वेळ घेतं. म्हणून जाणकार मंडळी गाईचं दूध मिसळतात किंवा फॅट कमी करून घेतात. १०० लिटर गाईच्या दुधात साधारण १० किलो गौडा निघतं, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. राहिलेली जवळजवळ ९० लिटर निवळी, म्हणजे कर्डमधून सुटलेलं पाणी, कुठे जाते, हेही जरूर विचारा. चांगल्या ठिकाणी तिचा रिकोटा (ताजं, मऊ चीज) होतो, किंवा ती खव्यासारखी आटवून नॉर्वेच्या पद्धतीचं तपकिरी ब्रुनॉस्ट करतात. नाल्यात सोडलेली निवळी पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते.

दूध उतरवून घेताना होणाऱ्या तपासण्या बघायला मिळाल्या तर सोडू नका. ताज्या दुधाची आम्लता ०.१३ ते ०.१६ टक्के असते. उन्हाळ्यात वाटेत दूध आंबायला लागलं की कुणीतरी त्यात सोडा टाकतं. असं दूध उकळलं तरी फाटत नाही, चहाला चालूनही जातं. रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं एन्झाइम, मात्र त्यात नीट काम करत नाही आणि कर्ड लिबलिबीत राहतं. त्यासाठी रोझॅलिक ॲसिडची चाचणी असते, सोडा असेल तर दूध गुलाबी होतं. दुसरा शत्रू अँटिबायोटिक. कासदाहाची इंजेक्शनं दिलेल्या गाईचं दूध ठरलेले दिवस वगळलं नाही, तर त्यातल्या औषधाने विरजणाचे जंतूच मरतात. दूध दिसायला उत्तम असतं, पण तासन्‌तास आंबटपणा चढत नाही आणि अख्खा व्हॅट वाया जातो.

आता व्हॅटपाशी या. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण पुढच्या बहुतेक चुका इथेच पेरल्या जातात. गौडाचं उदाहरण घेऊ. १०० लिटर दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज करून ३२ अंशांवर आणतात. त्यात कल्चर, म्हणजे चीजचं विरजण, पडतं. अर्ध्या तासाने १० ते २० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवून घालतात, कारण तापवल्याने दुधातलं उपयोगी कॅल्शियम घटतं. मग रेनेट. ते वीस-तीस पट थंड पाण्यात मिसळून ओततात, आणि त्या पाण्यात क्लोरीन नको. नळाचं पाणी तसंच वापरलं की रेनेटची ताकद जाते आणि दूध तासभर झालं तरी लागत नाही. घरी करून बघणाऱ्यांची पहिली फसगत इथे होते. दुसरी टेट्रापॅकच्या यूएचटी दुधाची. ते इतकं तापवलेलं असतं की त्यातली प्रथिनं रेनेटला दादच देत नाहीत.

रेनेट घातल्यावर जेमतेम मिनिटभर ढवळून दूध अगदी स्थिर ठेवतात. पस्तीस-चाळीस मिनिटांनी ते खरवसासारखं दिसतं. त्यात सुरी तिरकी खुपसून हलकेच वर उचलतात. चीर सरळ, धारदार पडली आणि तिच्यात हिरवट-पिवळी स्वच्छ निवळी साठली तर कापायची वेळ झाली. चीर फाटल्यासारखी, निवळी पांढरट, तर अजून पाच मिनिटं थांबायचं. घाईने कापलं तर फॅट निवळीतून वाहून जातं आणि उतारा घटतो. फार उशीर केला तर कर्ड इतकं घट्ट होतं की पाणी सोडायलाच नको म्हणतं. हा क्षण चुकवू नका.

कापताना तारांच्या सुऱ्या उभ्या-आडव्या फिरवून साधारण एक सेंटिमीटरचे चौकोन करतात. तुकडे लहान तर चीज कोरडं, मोठे तर मऊ. पाच मिनिटं तसंच ठेवून मग हलक्या हाताने ढवळायचं. गौडात यानंतर एक तृतीयांश निवळी काढून तितकंच ५५-६० अंशांचं पाणी हळूहळू घालतात आणि सगळं ३७-३८ अंशांवर आणतात. या धुण्याने दुधातली साखर निघून जाते, पुढे आंबटपणा कमी चढतो, आणि गौडाची ती गोडसर चव येते. परवानगी असेल तर धुण्याआधीची निवळी चमचाभर आणि कर्डचा एक दाणा मागून घ्या. निवळी किंचित गोड लागायला हवी. दाणा दातांखाली कचकन आवाज करतो आणि चवीला जवळजवळ काहीच नसतो. दोन महिन्यांनी त्या बेचव दाण्याचं काय होतं हे कळायला टेस्टिंगची सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

कर्ड तयार झालं की नाही, हे कारागीर मूठ मिटून बघतो. मुठीतला गोळा अंगठ्याने चोळला की दाणे सुटे व्हायला हवेत. चिखल झाला तर पाणी जास्त आहे. मग मलमल घातलेल्या साच्यात भरून दाब. पहिला अर्धा तास दाब हलका ठेवतात. सुरुवातीलाच जड वजन ठेवलं तर बाहेरची साल मिटते, निवळी आत अडकते आणि महिन्याभराने मधोमध आंबट, ओलसर डाग निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पीएच (आंबटपणाचं माप) ५.२-५.३ ला उतरला की चीजचं गोल चाक मिठाच्या पाण्यात जातं: १८ ते २० टक्के मीठ, १२-१४ अंश, एक किलोच्या चाकाला साधारण आठ तास. नव्या मिठाच्या पाण्यात कॅल्शियम आणि आंबटपणा नसेल तर चीजची साल बुळबुळीत होते. म्हणून त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड आणि पांढरं व्हिनेगर घालतात.

मुरवण्याच्या खोलीत शिरताना दार पटकन लावा. आत १२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता हवी. आपल्या मे महिन्यातल्या दुपारच्या कोरड्या हवेच्या हे अगदी उलट. कूलरने आर्द्रता मिळते पण १२ अंश मिळत नाहीत. एसीने थंडावा मिळतो पण तो हवा आणखी सुकवतो. त्यामुळे नागपुरात थंड खोलीसोबत ह्युमिडिफायर आणि जनरेटर दोन्ही लागतात. चार तास वीज गेल्यावर काय करता, हे नक्की विचारा. सालीला तडे दिसले तर आर्द्रता कमी पडली. त्या तड्यांतून बुरशी आत जाते. चाक दोन दिवसांतच फुगून आत बारीक भोकंच भोकं झाली तर स्वच्छता कमी पडली, ते विकू नये. कडवट चव आली तर बहुधा रेनेट जास्त किंवा मीठ कमी. ब्रीच्या, म्हणजे पांढऱ्या बुरशीच्या मऊ चीजच्या, खोलीत अमोनियाचा हलका वास चालतो, डोळे चुरचुरले तर चीज उतरणीला लागलं आहे.

शाकाहारी मंडळींनी रेनेट कुठलं ते विचारून घ्यावं. आपल्याकडच्या युनिटमध्ये बहुधा सूक्ष्मजंतूंपासून काढलेलं असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. इटलीचं पार्मिजानो रेजानो मात्र वासराच्या जठरातल्या रेनेटनेच करावं लागतं.

आता टेबल. पाच प्रकार पुरे, प्रत्येकी २०-२५ ग्रॅम. क्रम हलक्याकडून तीव्रकडे: ताजी मोझरेला किंवा बकरीचं चीज, ब्री, गौडा, जुनं चेडर, शेवटी निळ्या बुरशीचं ब्लू. पुस्तकं चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा म्हणतात, ते थंड देशांसाठी. नागपुरात उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरतात, नाहीतर चेडरला तुपासारखा घाम सुटतो. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्या म्हणतात ते १६-१८ अंश. आपली रूम ३५ ची, तेव्हा रेडही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट ८-१० अंश. प्रत्येकाला ५० मिलीलिटर ओतलं तर एका बाटलीत पंधरा घोट होतात.

जोड्यांत आंबट, ताजी सॉव्हिन्यों ब्लाँ बकरीच्या चीजशी सुरेख जमते. नाशिककडची शेनिन ब्लाँ पुष्कळदा किंचित गोड असते, ती गौडाबरोबर घ्या. रेड शिराझ जुन्या चेडरसोबत, कारण चीजमधली फॅट आणि प्रथिनं वाइनमधल्या टॅनिनचा तुरटपणा शोषून घेतात. तीच शिराझ ब्रीसोबत घेतली तर तोंडात धातूसारखी कडवट चव येते. ब्रीला बुडबुड्यांची वाइन द्या, ब्लूला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट. सोबत साधा पाव, बिनमिठाचे बदाम, पाणी. ताजं संत्रं ताटात ठेवू नका, त्याच्या आंबटपणापुढे वाइन पाणचट लागते. संत्र्याचा मार्मलेड मात्र गौडावर लावून बघाच. चिवडा, तर्री, सावजी, सगळं नंतर. तिखटावर अल्कोहोल पडलं की नुसती आग होते.

घरी नेताना आइस बॉक्स आणि जेल पॅक हवेतच. ताजी मोझरेला ४ अंशांखाली राहिली पाहिजे, कडक गौडा दोन-तीन तास सांभाळून घेतं. नाशिकला जाऊन आलात तर वाइनच्या बाटल्या सोबत आणू नका. समृद्धी महामार्ग घ्या किंवा रेल्वे, वाटेत वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. तीच बाटली नागपुरातल्या परवानाधारक दुकानातून घ्या.

घरी चीज प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळू नका. बटर पेपरमध्ये गुंडाळून सैल झाकणाच्या डब्यात, भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि कागद आठवड्याने बदला. गौडा-चेडरवर बुरशीचा ठिपका आला तर भोवतालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीचं खा. मोझरेलावर किंवा रिकोटावर आला तर अख्खं टाकून द्या, मऊ चीजमध्ये बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.