भडंगाचं चित्र नसतं

सांगली. श्रावणातला बुधवार, रात्र.

दिवसभर पावसाची झड. गावात जो तो एकच विचारतोय, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट? ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. तोंडानं बोलता येत नाही म्हणून टॅबवरची चित्रं दाबून बोलणाऱ्या मुलाला हाच प्रश्न विचारायचा असेल तर? 'पाणी' सापडेल, पण ते पेल्यातलं. बटण दाबलं की घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन येईल. 'आयर्विन' नाही, 'फूट' नाही. भडंगसुद्धा नाही. चित्रांचा संच कितीही मोठा असला तरी तो दुसऱ्या कुणीतरी भरलेला असतो. त्यात नसलेलं बोलायचं तर अक्षरंच हवीत, आणि ती पहिल्या दिवसापासून. "आधी चित्रं नीट येऊ देत, मग अक्षरांचं बघू" हे ऐकलं की जीव तुटतो. तोंडानं बोलणाऱ्या मुलाच्या हाती पाटी देताना अशी अट कुणी घालत नाही.

चित्रं काढून घ्यायची नाहीत. ती बोलण्यासाठी राहू देत, लिहायला कीबोर्डचं वेगळं पान द्यायचं, एका बटणावर उघडणारं. आंब्याचं चित्र दाबलं की यंत्र 'आंबा' म्हणतं, पण त्यात मुलाची 'आ'शी गाठ पडत नाही. चित्राखालचा छापील शब्द रोज दिसतो म्हणून वाचता येईल, ही आशाही फोल. नजर चित्रावरच राहते.

मराठी कीबोर्डवर मूल कुठे अडतं ते आधीच माहीत हवं. 'कि' लिहिताना वेलांटी क नंतर दाबायची असते, पण दिसते क च्या आधी. मूल डोळ्यांवर विश्वास ठेवून आधी वेलांटी दाबतं आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. "आधी अक्षर, मग वेलांटी" असं म्हणत आपणच त्याच्या टॅबवर पुन्हा पुन्हा लिहून दाखवायचं. आवाजाचंही तसंच. यंत्रात हिंदी आवाज असेल तर 'चमचा'तला च तो 'चहा'तल्यासारखा म्हणतो, आणि आपण शिकवतो एक, यंत्र बोलतं दुसरंच. असे शब्द आपल्या आवाजात रेकॉर्ड करून बटणावर टाकावेत. शब्द सुचवण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवायची. पहिलं अक्षर बहुतेक वेळा बरोबर येऊ लागलं की सुरू करायची, तीन-चार शब्दांपुरती.

ज्याचं बोट बटणावर ठरत नाही त्याच्यासाठी कागदी तक्ता. इथे आपल्या वर्णमालेचा फार उपयोग होतो. क, च, ट, त, प हे पाच वर्ग म्हणजे पाच-पाच अक्षरांच्या पाच ओळी. सहावी य र ल व श, सातवी ष स ह ळ क्ष ज्ञ. स्वर, काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षराचा पाय मोडण्याची खूण मागच्या बाजूला. आपण ओळी म्हणायच्या, "क ची ओळ? च ची ओळ?", आणि मुलानं आपली 'हो'ची खूण करायची: डोळे वर, मूठ, जी पक्की असेल ती. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. 'भडंग' असं येतं: प च्या ओळीतलं चौथं, ट च्या ओळीतलं तिसरं, कागद उलटून अनुस्वार, क च्या ओळीतलं तिसरं. मिळालेलं अक्षर लगेच मुलाला दिसेल असं लिहायचं. बिघडतं कुठे, तर आपल्या आवाजात. हव्या त्या अक्षरापाशी आपला सूर नकळत चढतो किंवा आपण थांबतो, आणि मूल अक्षर सोडून आपला चेहरा वाचायला लागतं. सूर सपाट, वेग एकसारखा.

हात धरून बटण दाबून घ्यायचं नाही, कधीच. तो शब्द मग कुणाचा हे कळत नाही. आधार बसण्याला द्यावा: पाय टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला, बोट नेमक्या बटणावर पडावं म्हणून टॅबवर भोकांची प्लास्टिकची जाळी.

रोज पाच मिनिटं लिखाण. दोन-तीन फोटोंतून एक मुलानं निवडायचा आणि सगळी अक्षरं समोर ठेवून त्याबद्दल लिहायचं. 'मटटाक' आलं तरी खोडायचं नाही. छोटी मुलं पाटीवर गिरगटतात, तसंच हे. "म लिहिलास! म, मामाचा म" म्हणायचं आणि खाली मामाचं नाव आपण लिहून दाखवायचं. पानावर तारीख टाकून फाइलला लावायचं. महिन्यानं मागची पानं काढून बघावं: वेगवेगळी अक्षरं किती आली, मध्ये मोकळी जागा सोडली का, पहिलं अक्षर जुळतंय का. प्रगती तिथे दिसते.

"क दाखव" म्हणणं ही परीक्षा झाली, शिकवणं नव्हे. दोन पर्याय ठेवले तर डोळे मिटूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात, आणि मूल कंटाळून मुद्दाम चुकीचं दाबतं तेही वेगळंच. गोष्ट वाचताना प्रश्न कमी करावेत. आपणच त्याच्या टॅबवर 'परत', 'घाबरला', 'आता काय' दाबत बोलावं, मग मनात दहापर्यंत मोजत गप्प राहावं. हे गप्प राहणं मोठ्यांना फार जड जातं. वाचायची वेळ आली की "मनातल्या मनात म्हण" असं सांगावं. आवाज फुटत नाही म्हणून मनातही शब्द उमटत नाही, असं नाही.

शाळा टॅब कपाटात ठेवत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं सतरावं कलम दाखवावं. संवादाच्या पर्यायी साधनांना शिक्षणात स्थान देण्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

पाऊस अजून थांबलेला नाही. लाइट गेली की टॅब काही तासांचाच. तक्त्याच्या दोन प्रती लॅमिनेट कराव्यात. एक दप्तरात, दुसरी रेशनकार्ड आणि कागदपत्रांच्या पिशवीत, दाराजवळ.