एक नोड पडला तर जागा पुरेल का?

डॅशबोर्डवर वापर ७९ टक्के दिसत होता. चार नोडचा, म्हणजे चार सर्व्हरचा, व्हीसॅन क्लस्टर: व्हीएमवेअरच्या या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच सामायिक साठा बनतो. प्रत्येक नोडमध्ये दोन डिस्क ग्रुप, आणि ग्रुपमध्ये एक कॅश एसएसडी व ३.८४ टीबीच्या तीन कपॅसिटी डिस्क. एकूण २४ कपॅसिटी डिस्क, ९२.१६ टीबी कच्ची जागा, त्यातली ७२.८ टीबी भरलेली. वरवर पाहता १९ टीबी शिल्लक, मग घाई कशाची?

पण अशा क्लस्टरमध्ये शिल्लक अशी मोजायची नसते. एक नोड पडला तर उरलेल्या तिघांची मिळून जागा ६९.१२ टीबी. पडलेल्या नोडवरचा १८.२ टीबी डेटा पुन्हा उभा करायचा आणि तिघांकडे मोकळे जेमतेम १४.५. सगळे दिवे हिरवे असताना हा क्लस्टर एका नोडच्या बिघाडातून स्वतःला सावरू शकत नव्हता. डिस्क वाढवायचं काम त्यासाठी काढलं.

आधी सुचवलं गेलं की सध्याचं मिररिंग (डेटाच्या दोन नोडवर दोन प्रती) सोडून रेड-५ करू, खर्च वाचेल. हिशेब खरा आहे: मिररमध्ये डेटाला दुप्पट जागा लागते, रेड-५ मध्ये १.३३ पट. पण तीन अधिक एक (तीन भाग डेटाचे, एक हरवलेला भाग परत काढण्याच्या माहितीचा) अशा रचनेला चारही नोड लागतात. एक गेला की रिबिल्ड करायला, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा उभा करायला, पाचवा नोडच नाही. शिवाय पॉलिसी (डेटा कसा साठवायचा तो नियम) बदलताना नवे घटक आधी तयार होतात, जुने मागाहून पुसले जातात. म्हणजे जागा कमी करायलाही आधी जागा हवी. ७९ टक्क्यांवर एकदम सगळ्या व्हीएमची (आभासी सर्व्हरची) पॉलिसी बदलणं म्हणजे क्लस्टर भरून टाकणं. प्रत्येक ग्रुपमध्ये एकेक अशा आठ नव्या डिस्क घालायचं ठरलं. सीपीयू आणि मेमरी पुरेशी होती, डिस्कचे बे (खाचे) रिकामे होते.

नव्या डिस्कच्या मॉडेलसाठी कंट्रोलरचं (डिस्क हाताळणाऱ्या कार्डचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नव्या आवृत्तीवर न्यावं लागणार होतं. व्हीएमवेअरच्या सुसंगतता यादीत डिस्क, कंट्रोलर, फर्मवेअर आणि ड्रायव्हर हे चारही एकत्र जुळले पाहिजेत; एकेकटे जुळून चालत नाही. याचा अर्थ प्रत्येक नोड पाळीपाळीने मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे तात्पुरता कामाबाहेर. तिथे तोच आकडा पुन्हा आडवा आला. पूर्ण डेटा हलवून नोड रिकामा करणं शक्यच नव्हतं, १८.२ टीबी १४.५ मध्ये जात नाहीत. मग ‘एन्शुअर ॲक्सेसिबिलिटी’ हाच पर्याय. यात नोड बंद असेपर्यंत त्याच्यावर प्रत असलेला डेटा एकाच प्रतीवर चालतो. म्हणून बॅकअप आदल्या रात्री पूर्ण करून त्यातून एक व्हीएम रिस्टोअर करून पाहिला. रिसिंकची (प्रती पुन्हा जुळवण्याची) रांग शून्य आहे ना, तेही पाहिलं.

आणि सुरुवातीलाच ऑब्जेक्ट रिपेअर टायमर ६० मिनिटांवरून १८० वर नेला. नोड गायब झाल्यावर क्लस्टर मूळ सेटिंगप्रमाणे तासभर वाट पाहतो, मग तो परत येणार नाही असं धरून रिबिल्ड सुरू करतो. त्या दिवशी ते सुरू झालं असतं तर उरलेल्या डिस्क भरत गेल्या असत्या आणि काम अर्ध्यातच अडकलं असतं.

पहिले दोन नोड चाळीस-चाळीस मिनिटांत परतले. तिसऱ्यावर फर्मवेअर लिहून झालं, पण रीबूटनंतर कंट्रोलर जुनीच आवृत्ती दाखवत होता. पुन्हा लिहिलं, तरी तेच. शेवटी सर्व्हर बंद करून दोन्ही पॉवर केबल काढल्या, दोन मिनिटं थांबून परत लावल्या, तेव्हा नवी आवृत्ती दिसली. तोवर ७४ मिनिटं झाली होती. टायमर मूळ सेटिंगवर असता तर रिबिल्ड १४ मिनिटांपूर्वीच सुरू झालं असतं. नोड आल्यावर फक्त मधल्या काळात बदललेला डेटा रिसिंक झाला. रांग शून्यावर आल्याशिवाय चौथ्याला हात लावला नाही. ही पायरी घाईत गाळली तर एकाच ऑब्जेक्टच्या (उदाहरणार्थ, व्हीएमच्या एका आभासी डिस्कच्या) दोन्ही प्रती एकदम हरवू शकतात.

डिस्क बसवायला नोड बंद करावा लागत नाही. रिकामी ट्रे काढायची, चार स्क्रू, खटका बसेपर्यंत आत सारायची. आठपैकी सात लगेच यादीत आल्या. आठवी होस्टला दिसत होती, पण व्हीसॅन तिला घेत नव्हता. ती स्पेअरमधली होती, चाचणीसाठी आधी कुठेतरी वापरलेली, आणि तिच्यावर जुनी पार्टिशन शिल्लक होती. ती पुसण्याआधी स्क्रीनवरचा सिरियल नंबर ट्रेवरच्या लेबलशी अक्षर न् अक्षर दोघांनी मिळून ताडून पाहिला आणि लोकेटर दिवा लावून बे पक्की केली. पुसण्याच्या कमांडला चुकीची डिस्क दिली तर ती तीही पुसते.

जागा वाढली म्हणून डेटा आपोआप पसरत नाही. जुन्या डिस्क ७९ वर, नव्या शून्यावर. एखादी डिस्क ८० टक्क्यांपुढे जाईपर्यंत क्लस्टर तसाच बसून राहतो. ऑटोमॅटिक रिबॅलन्स, म्हणजे डेटा डिस्कमध्ये आपोआप वाटून देणारी सोय, संध्याकाळी चालू केला. डिस्कच्या वापरात ३० टक्के फरक पडला की तो सुरू होतो आणि फरक निम्म्यावर, १५ च्या आत आला की थांबतो. म्हणजे सगळ्या डिस्क सारख्या होत नाहीत: जुन्या साधारण ६३ वर, नव्या ४८ वर. एवढ्यासाठीही १५ टीबीच्या आसपास डेटा हलतो, म्हणून वेळ रात्रीची.

दुसऱ्या दिवशी विचारणा आली, ‘३० टीबी घेतले, ते गेले कुठे?’ प्रश्न रास्त होता. घेतले ३०.७२ टीबी. एका नोडचा वाटा राखीव ठेवायचा, उरले २३.०४. मिररसाठी त्याचे निम्मे, ११.५२. शिवाय स्क्रीन १०२४ च्या हिशेबाने मोजते, तिथे ३.८४ ची डिस्क ३.४९ दिसते, म्हणून तो आकडा १०.५ च्या जवळ येतो. खरेदीच्या कागदावर हाच आकडा लिहायला हवा होता.

आता एकूण जागा १२२.८८ टीबी, वापर ५९ टक्के. एक नोड पडला तर तिघांची जागा ९२.१६, आणि तोच ७२.८ टीबी डेटा तिथे पुन्हा ७९ टक्के होतो. डेटा बसतो, पण ८० च्या उंबरठ्यावर. म्हणून वापराचा अलार्म ६० वर लावला आणि पाचव्या नोडची मागणी त्याच आठवड्यात पाठवली.