भाजे-कार्ले एका दिवसात, आणि घाटाने अडवलेली परतीची गाडी

लोणावळ्याजवळची भाजे आणि कार्ले ही बौद्ध लेणी एकाच दिवशी पाहायची असतील तर क्रम हाच ठेवा: सकाळी भाजे, दुपार कलल्यावर कार्ले. भाजे आधीचं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. ते पाहून कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, शिरलं की कातळ कोरणाऱ्यांचा हात मधल्या काळात किती बसला, ते लगेच कळतं. शिवाय कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे. उतरतं ऊन कमानीतून थेट आत येतं.

आम्ही चार मित्र सकाळच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने मुंबईहून लोणावळ्याला उतरलो. तिथून पुण्याकडे जाणारी लोकल घेतली की पुढचंच स्टेशन मळवली. दुपारी या मार्गावर लोकल फार विरळ असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशीच बघून ठेवा. मळवलीहून रिक्षा मिळते, पण जमत असेल तर चालतच जा. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाताची खाचरं लागतात आणि समोर लोहगड-विसापूरचे कडे उभे असतात. परतीच्या पावसाचे दिवस होते, सकाळ मात्र स्वच्छ होती.

भाज्याच्या चैत्यगृहात खांबांकडे नीट पाहा. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके लावत. इथे भार पेलायचाच नाही, सगळा एकसंध कातळ आहे, तरी कोरणाऱ्यांनी सवयीने तीच ठेवण ठेवली. आमच्यातला एकजण सिव्हिल इंजिनिअर आहे, तो तिथून हलायलाच तयार नव्हता. बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. तसं करू नका. पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे आणि अगदी टोकाच्या विहारात (भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात) रथावरचा सूर्य, हत्तीवर बसलेला इंद्र आणि शेजारी वाद्य वाजवणारी बाई कोरली आहे. आम्ही सर्वांत जास्त वेळ तिथेच रमलो.

कार्ल्याला रिक्षाने गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, दोन्ही बाजूंना ओटी-प्रसादाची दुकानं. लेण्यासमोरच एकवीरा आईचं देऊळ असल्यामुळे रविवारी, नवरात्रात आणि चैत्रात तुफान गर्दी असते. लेणी शांतपणे पाहायची तर आठवड्यातला साधा वार निवडा. आत गेल्यावर मान वर करा. छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीही तेव्हाचीच. व्हरांड्यात वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठीचा, म्हणजे सावकाराचा, ब्राह्मी लेख आहे. हे शैलगृह (कातळात कोरलेलं घर) जंबुद्वीपात, म्हणजे भारतभूमीत, उत्तम, असं त्यात लिहिलंय. मला ते अजूनही पटतं.

चारच्या सुमारास ढग दाटले आणि लोणावळ्याला पोचेपर्यंत धो धो सुरू झाला. स्टेशनवर कळलं, घाटात रुळांवर दरड आली आहे. कर्जत-लोणावळा घाटात तीन मार्ग आहेत. एक बंद पडला की बाकीच्यांवरून गाड्या एकेक करून सोडतात, त्यामुळे सगळंच रखडतं. संध्याकाळची परतीची इंद्रायणी आधी 'उशिरा', मग 'खूप उशिरा'. एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वाहनांची रांग. शेवटी मध्यरात्रीनंतर एका लांब पल्ल्याच्या गाडीत उभ्याने आलो.

पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात जाणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम ठेवू नये. गाडीची खबर रेल्वेच्या १३९ या फोन नंबरवर किंवा एनटीईएस या रेल्वेच्या ॲपवर मिळते. स्टेशनला निघण्याआधीच बघा. गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र स्वतः जाऊन रद्द करावं लागतं. गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि जायचंच नसेल, तर ती आपल्या स्टेशनवरून सुटण्याआधी ई-तिकिटाचा टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरा. पूर्ण भाडं परत मिळतं. पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर सरळ लोकलने तिकडे जा, कारण त्या बाजूला घाट नाही. पॉवर बँक, कोरडे कपडे आणि रोख पैसे जवळ ठेवा. रात्री लोणावळ्यात राहायची वेळ आली, तर खोली संध्याकाळीच पकडा. नऊनंतर अडकलेले सगळेच शोधायला लागतात.