दोनशे शेवट

31 डिसेंबरला आमच्या थिएटरात एक रिवाज होता. सहाच्या खेळाचा इंटरव्हल उरकला की स्टाफ कँटीनच्या बाकड्यावर जमायचा. प्रत्येकानं वर्षातला एक आवडता आणि एक नावडता सिनेमा सांगायचा, आणि बुकिंगवाले अण्णा ते डिसेंबरच्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून घ्यायचे. बक्षीस वगैरे काही नाही. चहा मालकांच्या खात्यावर, तेवढीच चैन.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एक पडदा, खाली स्टॉल आणि वर बाल्कनी. मी ऑपरेटर. रिळं होती तेव्हा ऑपरेटर म्हणजे कुणीतरी असायचा. आता सिनेमा सॅटेलाइटवरून उतरतो, लायसन्स आलं की चालतो आणि संपलं की बंद पडतो. मी बटण दाबतो आणि काचेतून बघत बसतो.

2016 सालची गोष्ट. शनिवार होता, ‘दंगल’चा दुसरा आठवडा. साडेसातच्या सुमाराला इंटरव्हल झाला आणि नेमकं त्याच वेळी टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण सुरू झालं. 8 नोव्हेंबरला ते असेच रात्री बोलले होते आणि पाचशे-हजारच्या नोटा गेल्या होत्या. जुन्या नोटा बँकेत भरायची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. त्यामुळं घंटा दिली तरी पब्लिक आत जाईना. वडापाव हातात धरून सगळे टीव्हीकडं तोंड करून उभे. मी दहा मिनिटं मशीन थांबवून ठेवलं. रिळाच्या काळात असं करायची हिंमत झाली नसती. नवीन काही बंद होत नाही असं दिसल्यावर लोक हळूहळू खुर्च्यांवर गेले आणि आम्ही बाकड्यावर बसलो.

पहिला नंबर कँटीनवाल्या शंकरचा. त्याचा हिशेब साधा, इंटरव्हलला गल्ला किती झाला. आवडता ‘सुलतान’. ईद, वर पाऊस, भजी पुरत नव्हती. नावडता ‘नटसम्राट’. वर्षाच्या पहिल्याच दिवशी लागलेला, चाललाही चांगला, पण शंकरचा त्याच्यावर राग. “निम्मी लोकं उठतच न्हाईत. रडत बसत्यात. रडणारा माणूस पॉपकॉर्न घेतो व्हय?”

डोअरकीपर बापूंनी आवडता आणि नावडता दोन्हीकडं ‘दंगल’च लिहायला लावला. शेवटी पोरगी सुवर्णपदक जिंकते आणि राष्ट्रगीत लागतं, तेव्हा अख्खं थिएटर उभं राहतं. पहिल्या दिवशी लोक उठलेले बघून बापूंना वाटलं सिनेमा सुटला. त्यांनी चारी दारं उघडली. भर उजेड पडद्यावर! त्यात महिन्याभरापूर्वीच सुप्रीम कोर्टाचा आदेश आलेला, राष्ट्रगीताला दारं बंद हवीत म्हणून. महाराष्ट्रात थिएटरात राष्ट्रगीत आधीपासूनच वाजायचं, पण ते सिनेमाच्या आधी. पोटात राष्ट्रगीत असलेल्या सिनेमाचं काय करायचं, हे बापूंना कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांचा आवडता अर्थात ‘सैराट’. त्यावर कुणी वाद घातला नाही. 29 एप्रिलला लागला आणि आमच्याकडं सात आठवडे हलला नाही. तिकिटं फाडून अण्णांच्या अंगठ्याला घट्टे पडले. मराठी म्हणून करमणूक कर माफ, दर कमी, आणि आसपासच्या वाड्यांवरून टेम्पो भरून माणसं. पावणेतीन तासांच्या वरचा सिनेमा, त्यामुळं बारा-तीन-सहा-नऊ हे आमचं वेळापत्रकच मोडलं. एक खेळ सुटायचा तेव्हा पुढच्याची रांग जिन्यापर्यंत आलेली असायची.

नावडता विचारला तर अण्णा म्हणाले, “नोव्हेंबर.” सिनेमा सांगा म्हटलं. म्हणाले, नोव्हेंबरच लिहितो. स्वाइप मशीन आमच्याकडं नव्हतं. जुनी नोट घ्यायची नाही, आणि नवी दोन हजाराची नोट घेऊन पन्नासचं तिकीट मागणाऱ्याला सुट्टे कुठनं द्यायचे? 4 तारखेला लागलेला ‘व्हेंटिलेटर’ पाच दिवस झकास चालला आणि सहाव्या दिवशी खिडकी ओस. माझा आवडता तोच होता, म्हणून मला जास्तच लागलं. माझ्या नावडत्याचं नाव मी घेत नाही. ऑगस्टमध्ये मोठ्या खर्चाचा एक सिनेमा येऊन गेला, त्या आठवड्यात मी केबिनमध्ये तीन स्वेटरांच्या बाह्या विणायला शिकलो, एवढं पुरे.

पान मिटायला आलं तेव्हा सायकल स्टँडवरचं नवीन पोरगं म्हणालं, “आणि मावशींचा?”

मावशी म्हणजे झाडूवाल्या मावशी. पायरीवर बसून तंबाखू मळत होत्या. बारा वर्षं आमच्यात, पण त्यांना हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. का, याला उत्तर नाही. सुचलंच नाही.

“मला काय कळतंय त्यातलं,” म्हणत त्यांनी आधी उडवून लावलं. मग म्हणाल्या, “त्यो जाड बायांचा. वजनदार.”

सगळे हसले. ‘वजनदार’ 11 नोव्हेंबरला लागलेला, नोटांना तीन दिवस झाले होते. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट पडद्यावर आणि खाली मोजून सहा डोकी. सिनेमाचा काही दोष नव्हता, पण अण्णा त्या आठवड्याचं नाव काढलं तरी अंगठा चोळतात.

“तोच का हो?” शंकरनं विचारलं.

“त्यो मी बघितला. पैल्यापास्नं. लोकंच न्हवती, घाण कोण करनार? म्यानेजर म्हनले, बसा मावशी. बसले बाल्कनीत. येवढ्या वर्सात तेवढाच एक बघितला सगळा.”

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. दोन खेळांच्या मधल्या वेळात झाडायचं म्हणजे मावशी सिनेमा सुटायच्या दहा मिनिटं आधी झाडू घेऊन आत येणार, पडद्याशेजारच्या दारापाशी उभ्या राहणार. लोक उठले की कामाला लागायचं. खेळ चालू असला की त्या मागं संडास धुवायच्या, नाहीतर बाहेरचं आवार. म्हणजे बारा वर्षांत त्यांनी शेकडो सिनेमांचे फक्त शेवट पाहिले होते.

पोरानं विचारलं, “मग सैराट?”

“त्यो तर लई बघितला,” मावशी म्हणाल्या.

मी मनात गुणाकार केला. सात आठवडे, रोज चार खेळ. दोनशेला चार कमी.

इथं मला माझी एक फजिती सांगायला हवी. ‘सैराट’च्या पहिल्या खेळाला, शेवटी ते पोर घरात येतं आणि आवाज जातो, तेव्हा मी ताडकन उठून फेडर वर सारला होता. खालून शिट्ट्या, “ए ऑपरेटर, आवाज!” मला घाम फुटला. अँप्लिफायर गेला असंच वाटलं. मग शिट्ट्या आपोआप थांबल्या. पाट्या वर जात होत्या, त्यांनाही संगीत नाही, आणि खाली कुणी उठत नव्हतं. फेडर मी तसाच विसरलो आणि पुढच्या खेळाला तंबाखूची जाहिरात अशी फुटली की बाल्कनीतलं एक बाळ केकाटत बाहेर गेलं.

“लोकं उठायचीच न्हाईत,” मावशी सांगत होत्या. “झाडायला टाइम न्हाई, आन् ही बसल्याली. मी बी हुबी. ती बाई दारात रांगोळी काडती. भाऊ येतो, माहेरची मान्सं, पिशव्या घिऊन. ती च्या ठिवती. पोराला शेजारीन घिऊन जाती. आन् मग त्ये.” तंबाखू त्यांनी तोंडात टाकलीच नाही, तशीच तळव्यावर धरली. “रोज चार येळा बगायचे. मला येक सांगा, त्यांनी क्येलं काय हुतं?”

कुणी बोलेना.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेली गोष्ट. पण त्या बाकड्यावर बापू, अण्णा, शंकर, मी, ते पोरगं आणि पायरीवर मावशी, असे सहा जण होतो. कोण कुठल्या आळीतला ते प्रत्येकाला माहीत होतं. मावशींचा चहाचा कप कँटीनच्या फळीवर वेगळा असायचा, दांडी तुटलेला. शंकर म्हणायचा तो त्यांना आवडतो म्हणून.

शेवटी मीच म्हणालो, “पळून जाऊन लग्न केलं होतं, मावशी.”

“लगीन क्येलं ना पर?”

“केलं.”

“प्वार बी झालं.”

“हो.”

“मग?”

बापू म्हणाले, “ती पाटलाची होती.” एवढं बोलून ते घड्याळ बघायला लागले. पाटलाचा अर्थ मावशींना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी नुसतं “हां” म्हटलं आणि तंबाखू पायरीखाली झटकून टाकली.

सैराटचं लायसन्स केव्हाच संपलं होतं, नाहीतर मी त्या रात्री नऊचा खेळ सुटल्यावर एकट्या मावशींसाठी मशीन लावलं असतं. खरंच लावलं असतं की आता लिहिताना वाटतंय, कोण जाणे. पण सायकल स्टँडवरच्या पोराच्या मोबाइलमध्ये तो होता. कुठून आला विचारू नका. थिएटरच्या आवारात चोरीचा सिनेमा म्हणजे देवळात चप्पल, पण मी काही बोललो नाही.

इतक्यात आत राष्ट्रगीत सुरू झालं. बापू यावेळी दारं न उघडता नुसते ताठ उभे राहिले. मावशी झाडू घेऊन आत गेल्या.

नऊचा खेळ लागल्यावर खाली आलो तर मावशी बाकड्यावर बसल्या होत्या, एका कानात वायर, दुसरी वायर पोराच्या कानात. हाताएवढ्या पडद्यावर परश्या विहिरीत उडी मारत होता. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. “ह्यो तर भलताच वांड हाय की,” मला म्हणाल्या. त्या पोराला त्यांनी आजवर फक्त मेलेलं पाहिलं होतं.

मी दोनदा वर जाऊन आलो. झिंगाटला त्यांचा पाय हलत होता. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, भांडण, मग पोर झालं. तिथं पोरगं म्हणालं, “आता थोडाच राहिलाय.”

मावशींनी कानातली वायर काढून त्याच्या हातात दिली. “ऱ्हाऊ दे. फुडचं म्हाईत हाय मला.”

अण्णा गल्ला मोजून कॅलेंडरचं पान घेऊन आले. “मावशी, आवडता बदलायचा का? सैराट लिहू?”

“न्हाई. जाड बायांचाच ऱ्हाऊ दे.”

“आणि नावडता?”

बाहेर कुणीतरी बाराच्या आधीच फटाके लावायला सुरुवात केली होती. मावशी फळीवरनं कप घ्यायला उठल्या. हात दांडी तुटलेल्या कपाकडं गेला आणि तिथून त्यांनी शंकरचा उचलला. शंकर बघत होता. त्यानं किटली पुढं केली.