चेहरा धुऊन नुसतं बसायचं: माझ्या त्वचेचा प्रकार मी घरी कसा ओळखला

त्वचेचा प्रकार ओळखायला बाजारातून काहीही आणावं लागत नाही. सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, टिश्यू पेपरचे चार-पाच तुकडे आणि तासभर मोकळा वेळ, एवढ्यात काम होतं. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं आणि ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण या एका तासाआधी लोकांनी मला जे सल्ले दिले ते एकमेकांच्या अगदी उलट होते.

माझं सगळं आयुष्य देवगडकडे गेलेलं. समुद्राकाठच्या दमट हवेत चेहरा कायम ओलसर, चिकट, आणि तसाच असतो असं धरून चाललेलं. मग बँकेतल्या बदलीने छत्रपती संभाजीनगरला आले. पहिल्याच थंडीत गाल ताणल्यासारखे व्हायला लागले, ओठ उलले, भुवयांत आणि नाकपुड्यांच्या कडेला पांढरे पापुद्रे सुटायला लागले. पण त्याच चेहऱ्याचं कपाळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत चकाकत असायचं. पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमची स्किन एकदम ड्राय झालीये." ऑफिसातली मैत्रीण कपाळाकडे बघून म्हणाली, "अगं, तेलकट आहे, मुलतानी माती लाव." आई फोनवर म्हणाली, "रात्री झोपताना खोबरेल चोळ गो." तिघींचंही मनापासून होतं. तिघींचं एकदम ऐकणं मात्र शक्य नव्हतं.

मी वाचायला बसले तेव्हा पहिली गाठ सुटली ती अशी: तेल आणि पाणी हे त्वचेचे दोन वेगळे हिशेब आहेत. तेल त्वचेतल्या तैलग्रंथी तयार करतात. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात त्या सर्वांत दाट असतात, गालांवर कमी, आणि तळहात-तळपायांवर अजिबात नसतात. पाण्याचं काम वेगळं. त्वचेच्या अगदी वरच्या थरात पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी सिरॅमाइडसारख्या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. तो लेप शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं. कोरडी हवा, कढत पाणी आणि कडक साबण यांनी तो विस्कटतो. म्हणजे वरून तेल गळतंय आणि आतून पाणी उडून जातंय, असा चेहरा असू शकतो. "तेलकट की कोरडी?" या प्रश्नाचं उत्तर मला का सापडत नव्हतं, ते इथे कळलं.

चाचणीच्या आधी साबण बदलला. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10. साबणाच्या वेष्टनावर टीएफएमचा आकडा असतो. 76 टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या प्रतीचा. पण हा आकडा साबणातल्या मेदाम्लांचं प्रमाण सांगतो. पहिल्या प्रतीचा साबण असला तरी तो अल्कधर्मीच राहतो. त्यात आमच्या इमारतीत बोअरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. अशा क्षाराच्या पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा चिवट अंश त्वचेवर राहतो. साबणाने धुतलेला कुठलाही चेहरा पहिली काही मिनिटं कोरडाच वाटणार. त्या अवस्थेत चाचणी घेतली तर आपण त्वचेची नाही, साबणाची परीक्षा घेत असतो. म्हणून आधी काही आठवडे साधा, बिनवासाचा, फेस कमी येणारा फेसवॉश वापरला आणि बाकी सगळं बंद ठेवलं. स्क्रब नाही, लिंबू नाही, बेसन नाही. ऊन होतं म्हणून दिवसा सनस्क्रीन तेवढं चालू ठेवलं.

मग सुट्टीच्या दिवशी चाचणी. चेहरा कोमट पाण्याने धुतला, मऊ पंचाने टिपला, घासला नाही. त्यानंतर काहीही लावायचं नाही आणि चेहऱ्याला हातही लावायचा नाही. पंखा थेट तोंडावर नको, स्वयंपाकघरात वाफेसमोर उभं राहायचं नाही, जिना चढ-उतार नाही. अर्ध्या तासाने काय वाटतं ते लिहायचं: ओढ बसते का, हसताना गाल ताणतात का, कुठे चुरचुरतं का. आणखी अर्ध्या तासाने टिश्यूचे वेगवेगळे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर हलकेच दाबायचे आणि खिडकीच्या उजेडात धरायचे. एकच तुकडा सगळीकडे फिरवला तर कुठलं तेल कुठून आलं ते कळत नाही, म्हणून प्रत्येकावर पेनाने जागा लिहून ठेवली. घामाचा ओलावा थोड्या वेळात वाळून जातो. तेलाचा डाग मात्र भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक राहतो, त्यामुळे तुकडे लगेच टाकून न देता पुन्हा बघायचे.

वाचन असं करायचं. सगळे तुकडे पारदर्शक झाले तर त्वचा तेलकट. एकावरही डाग नाही आणि चेहरा ओढतोय, तर कोरडी. डाग पुसटसा आणि चेहऱ्याला काही जाणवत नाही, तर सामान्य. मधल्या पट्ट्यात डाग आणि गाल कोरे, तर मिश्र. माझं उत्तर मिश्र आलं आणि त्यातही गाल नुसते कोरे नव्हते, चांगलेच ओढत होते. पार्लरमधल्या ताईंनी गाल पाहिले होते, मैत्रिणीने कपाळ. दोघींनी आपापल्या जागी बरोबरच सांगितलं होतं.

पण पापुद्र्यांचं कोडं तसंच राहिलं. पापुद्रे सुटत होते ती जागा भुवया आणि नाकाच्या कडा, आणि तिथलेच तुकडे सर्वांत तेलकट निघाले होते. त्वचा कोरडी झाल्याने पापुद्रे सुटत असतील तर ते आधी गालांवर दिसायला हवेत. हे मला खटकलं आणि मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाहताच विचारलं, "डोक्यात कोंडा होतो का?" होत होता. कोंडा आणि हे पापुद्रे एकाच त्रासाचे, त्याला सेबोऱ्हिक डर्माटायटिस म्हणतात. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहते, तिला तेलकट जागा मानवतात, आणि काहींच्या त्वचेला तिचा त्रास होऊन लाली आणि पापुद्रे येतात. थंडीत हे वाढतं. म्हणजे दिसायला कोरडं, मूळ मात्र तेलकट जागेत. तिथे खाण्याचं तेल किंवा खोबरेल चोळलं तर ही यीस्ट त्यावर आणखी पोसली जाऊ शकते. डॉक्टरांनी केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आणि क्रीम दिलं, ते किती दिवस आणि कसं लावायचं ते सांगितलं, आणि नाकाची कड काही आठवड्यांत स्वच्छ झाली. हा त्रास अधूनमधून परत येतो, तेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. आईला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग केसांना लाव आणि धुऊन टाक, तोंडाला नको."

"संवेदनशील" हा शब्द बाटल्यांवर पाचवा प्रकार असल्यासारखा छापलेला असतो. तेलकट त्वचाही संवेदनशील असते, कोरडीही असते, तेव्हा त्याची तपासणी वेगळी करावी लागते. नवीन क्रीम आणलं की मी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, रोज दोनदा, आठवडा-दहा दिवस लावून बघते. लाल झालं, खाजलं, झोंबलं तर ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. हे फार कंटाळवाणं आहे, आणि तरी मला वाटतं की घरी करण्यासारख्या सगळ्या तपासण्यांत हीच सर्वांत उपयोगी.

इंटरनेटवरच्या प्रश्नावल्यांनी मला बराच काळ गोंधळात टाकलं होतं, कारण तिथे दोन-तीन वेगळ्या पद्धती एकत्र कालवलेल्या असतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ लेस्ली बाऊमन यांनी 16 प्रकार मांडले: तेलकट-कोरडी, संवेदनशील-चिवट, डाग पडणारी-न पडणारी, सुरकुतणारी-घट्ट, अशा चार जोड्यांतून ते होतात. माझ्यासारखीला यातली तिसरी जोडी महत्त्वाची वाटली, कारण आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पुटकुळी जाते पण तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. दुसरी पद्धत थॉमस फिट्झपॅट्रिक यांची. 1975 मधली ही मांडणी ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते यावर आहे. उपचारात अतिनील किरणांची मात्रा ठरवायला ती तयार झाली, आणि आज त्यात सहा पायऱ्या मोजतात. त्वचेच्या तेलाशी तिचा संबंध नाही. एखादी प्रश्नावली "तुम्ही उन्हात काळवंडता का?" असं विचारून शेवटी फेसवॉश सुचवत असेल, तर मी ती तिथेच सोडून देते.

पहिल्या थंडीतलं उत्तर कायमचं नव्हतं. मे महिन्यात पुन्हा चाचणी केली तेव्हा गालांची ओढ तेवढीच होती. इथला उन्हाळा थंडीइतकाच सुका असतो, हे किनाऱ्यावरून आलेल्या माणसाला लवकर पटत नाही. पावसाळ्यात गालांवरही पुसट डाग आला. गणपतीला देवगडला गेले, तिथे चाचणी केली, तर जवळजवळ सगळे तुकडे तेलकट. चेहरा तोच, फेसवॉश तोच, पाणी आणि हवा फक्त बदललेली. म्हणून आता गालांना घट्ट, सिरॅमाइड आणि ग्लिसरीन असलेलं क्रीम, चेहरा किंचित ओला असतानाच. कपाळाला हलकं जेल. आणि गावी जाताना पिशवीत फक्त जेल. रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या त्वचेतलं तेल कमी होतं, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत हे सगळं पुन्हा तपासावं लागणार, हेही मनाशी धरलं आहे.

ही चाचणी माझ्या भाचीने करून पाहिली तेव्हा तिच्या चेहऱ्याची आगच झाली. अर्धा तास काहीही न लावता बसणं तिला सहन होईना. विचारलं तर कळलं, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली एक ट्यूब ती कित्येक महिने गोरं दिसण्यासाठी लावत होती. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली: मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्याच घरातली नावं. असल्या क्रीमने सुरुवातीला चेहरा खरंच उजळ आणि गुळगुळीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, आणि क्रीम थांबवलं की भडका उडतो. सरकारने 2018 मध्ये अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. याचा मला मनापासून राग येतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला आपला रंग कमी वाटावा आणि त्यापायी तिने स्वतःची कातडी झिजवून घ्यावी, हे बघवत नाही.

अशा चेहऱ्यावर घरची चाचणी काहीच सांगत नाही, कारण जे दिसतं ते औषधाचं रूप असतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तरीही तेच; त्या तेल इतकं घटवतात की कुणाचीही त्वचा कोरडीच निघेल. भाचीला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब कशी सोडायची ते ठरवून दिलं, आणि चेहरा शांत व्हायला बरेच महिने गेले. त्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली असताना आम्ही दोघी एकाच वेळी तोंड धुऊन खिडकीशी बसलो. तिचे पाचही तुकडे पारदर्शक निघाले. तिला आता दिवसातून दोनदा फेसवॉश, हलकं जेल आणि सनस्क्रीन, एवढंच पुरतं. माझी क्रीमची डबी तिने वास घेऊन बाजूला ठेवली, आणि तिच्यासाठी ते बरोबरच होतं.