सेकंदाला एक गाव

सांगली, मंगळवार, रात्री

मामांच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाची शेतकऱ्यांची यादी आज नकाशावर चढवायला घेतली. दोनेक हजार पत्ते. अक्षांश-रेखांश ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या नॉमिनॅटिम या पत्ता शोधणाऱ्या सेवेकडून घेतोय. ती सेवा देणगीत मिळालेल्या सर्व्हरवर चालते. फुकट आहे, पण सेकंदाला एकाहून जास्त विनंती चालत नाही.

मामा शेजारी बसून स्क्रीन बघत होते. "एवढा भारी कॉम्प्युटर, आन् एकेक गाव काय विचारत बसलाय?" मी नियम सांगितला. "म्हंजे पाण्याची पाळी हाय की," म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

पायथनच्या लूपमध्ये, म्हणजे दर पत्त्यामागच्या फेरीत, शेवटी टाइम.स्लीप(१), म्हणजे 'एक सेकंद थांब', टाकलं तरी नियम पाळला जातो, पण वेळ उगाच जातो. उत्तर यायलाच ०.४ सेकंद लागले, तर एक फेरी १.४ सेकंदांची होते. म्हणून विनंती सुटते ती वेळ टिपून ठेवतो आणि सेकंदातलं जे उरलं तेवढंच थांबतो. ही वेळ टाइम.मोनोटॉनिकने, म्हणजे कधीच मागं न जाणाऱ्या घड्याळाने, घ्यायची. साधं घड्याळ मधेच इंटरनेटवरून जुळवलं गेलं की मागंपुढं होतं आणि वजाबाकी भलतीच येते.

एवढं करूनही कधी ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' असा नकार, येऊ शकतो. अशा वेळी उत्तरासोबत रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळाने परत विचारायचं ते, आलं असेल, तर त्यात सांगितलंय तितकं मुकाट थांबायचं. ते सेकंदांत असतं किंवा सरळ तारीख-वेळ असते, कोडमध्ये दोन्हीची सोय हवी. काहीच सांगितलं नसेल तर १, २, ४, ८ सेकंद असं थांबणं वाढवत न्यायचं आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा, नाहीतर अडलेले सगळेच एका क्षणी परत दार ठोठावतात.

मित्र फोनवर म्हणाला, चार थ्रेड लाव, म्हणजे एकाच वेळी चार विनंत्या सुटतील. मर्यादा थ्रेडमागे नाही, आपल्या सगळ्यांत मिळून आहे! मला ही घाई कळतच नाही. दोन हजार सेकंद म्हणजे जेमतेम तेहतीस मिनिटं. तीही लागली नाहीत, कारण एकाच गावचे कितीतरी शेतकरी आहेत. विचारलेलं गाव फाइलमध्ये साठवलं की पुन्हा विचारायचं कारणच उरत नाही.

आता अडलंय ते नुसतं 'कवठे' लिहिलेल्या पत्त्यांवर. कवठे एकंद, कवठे पिरान की कवठे महांकाळ, ते मामांनाच विचारायला हवं.