वहाळाच्या कामात आधी पाण्याची मापं, मग परवानग्या

वहाळ म्हणा, पऱ्या म्हणा, कोकणातल्या ओढ्याचं दुखणं बहुतेक वेळा दोन ठिकाणी असतं: रस्त्याखालच्या मोरीशी आणि खाडीच्या तोंडावरच्या उघाडीशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेशी. मधल्या पात्रात जेसीबी घालून गाळ उपसला की काम झाल्यासारखं वाटतं. पण पाणी जिथे तुंबतं ती जागा तशीच राहते आणि पहिल्या आषाढातच पात्र पुन्हा भरतं. म्हणून वहाळाच्या पुनरुज्जीवनासाठी खात्यांकडे अर्ज करण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजणीला द्या. हे वर्ष वाया जात नाही, पुढे प्रत्येक टेबलावर याच आकड्यांवर बोलणं होतं.

मोरीचा हिशेब साधा आहे. पाणलोटाचे हेक्टर गुणिले पावसाची ताशी तीव्रता (मिलिमीटर) गुणिले वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात येतं. समजा पाणलोट १२० हेक्टर, तीव्रता ८० मिलिमीटर आणि गुणांक ०.५. उत्तर येतं सुमारे १३.३. आता रस्त्याखाली ९०० मिलिमीटरचे दोन सिमेंट पाइप आहेत असं धरा. एका पाइपाचं तोंड ०.६४ चौरस मीटर. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने गेलं तरी दोन्ही मिळून जेमतेम अडीच घनमीटर जातं. उरलेलं पाणी रस्त्यावरून तरी जातं, नाहीतर वरच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत शिरतं. या वहाळाला ४ मीटर रुंद, २ मीटर उंच अशी चौकोनी मोरी लागेल. आणि वर जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार असेल तर गुणांक ०.५ नव्हे, ०.७ धरावा, श्रावण येईपर्यंत सड्यावर पाणी मुरायला जागाच राहत नाही. तीव्रतेचा आकडा मनाने धरू नका, हवामान खात्याच्या नोंदींवरून काढा. मोरी ज्याच्या रस्त्याखाली आहे ते बांधकाम खातं पहिला प्रश्न तोच विचारतं.

पात्राचा आडवा छेद दर २० मीटरला घ्या. डम्पी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) पुरते. पुराच्या खुणा, म्हणजे झाडाला अडकलेलं गवत आणि दरडीवरची गाळाची रेघ, पावसाळ्यातच रंगाने खूण करून ठेवा. दिवाळीनंतर त्या सापडत नाहीत.

खाडीकडच्या टोकाला भरतीची मोजपट्टी रोवा आणि दर १५ मिनिटांनी पातळी लिहा, सलग साडेबारा तास. एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला), एकदा भांगाला (लहान भरतीला). मच्छीमार तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ तासांत काढतात. माणसं कधी न्यायची ते ठरवायला ती पुरेशी आहे. मे महिन्यात क्षारता मोजा, दर १०० मीटरला, भरतीच्या वेळी. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची हद्द खाडीतून आत जिथवर जाते ते ठिकाण वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात हजारी ५ भाग क्षारतेवर ठरतं. अधिकृत रेषा मंजूर नकाशातलीच, पण स्वतःची मापं हातात असली की आराखड्याचं कुठलं काम रेषेच्या अलीकडे नि कुठलं पलीकडे, हे अंधारात ठरवावं लागत नाही.

कायद्यांची सरमिसळ इथेच होते. पाणथळ म्हटलं की लोक २०१७ चे पाणथळ जागांचे नियम काढतात. त्या नियमांतून नदीचं पात्र, भातशेती आणि सीआरझेडमधली जागा वगळलेली आहे. त्यामुळे खाडीकाठच्या खाजणाला, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खाऱ्या दलदलीला लागतो तो सीआरझेड, आणि त्याचा प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. सोबत १:४००० प्रमाणाचा नकाशा हवा. त्यावर भरती-ओहोटीच्या रेषा, सर्व्हे नंबर, कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा दाखवलेला असावा, आणि तो अधिकृत संस्थेने केलेला असावा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन कोणाचीही असो. सार्वजनिक हितासाठी अटळ आहे असं न्यायालयाला पटलं तरच अपवाद. पुनरुज्जीवनाचं चांगलं काम आहे म्हणून सूट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून आराखडा असा करा की तिवराचं, म्हणजे कांदळवनातलं एकही झाड तोडावं लागणार नाही: यंत्राचा रस्ता कोरड्या बाजूने, चिखलातलं खोदकाम पाटी-फावड्याने, आणि उपसलेला गाळ कांदळापासून ५० मीटरच्या बाहेर. गाळ उचलून नेण्यासाठी तहसीलदारांची गौण खनिजाची परवानगी वेगळी लागते. खाजणातला गाळ शेतात टाकण्याआधी त्याची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप तपासा. ४ डेसिसीमेन प्रतिमीटरच्या वर असेल तर भाताची जमीन बिघडते.

जमिनीचा प्रश्न मात्र सर्वांत जास्त वेळ खातो. वहाळाचं पात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं, पण काठ खाजगी. सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईला. संमतीच्या सह्या गणपतीत आणि शिमग्यात घ्या, एरवी सगळे एकत्र भेटत नाहीत. भूमी अभिलेखाच्या मोजणीचा अर्ज त्याच्या आधी गेलेला असावा. ग्रामपंचायतीच्या ठरावात सर्व्हे नंबर, लांबी आणि देखभाल कोण करणार हे तिन्ही लिहून घ्या. ‘वहाळाची सुधारणा करणे’ एवढाच ठराव पुढे निरुपयोगी ठरतो.

मग दिवाळीनंतर संयुक्त पाहणी. महसूल, बांधकाम, मृद व जलसंधारण, खारभूमी विकास, वन आणि कांदळवन कक्ष यांना एकाच दिवशी, ओहोटीच्या वेळी जागेवर बोलवा. वेगवेगळ्या दिवशी आले तर एक खातं पात्र रुंद करायला सांगतं, दुसरं काठाला हात लावू नका म्हणतं, आणि दोन्ही पत्रं फाइलला लागतात. जागेवरच इतिवृत्त लिहून सह्या घ्या.

खारभूमी खात्याशी बोलताना उघाडी नीट समजून घ्या. लाकडी झडप खाडीच्या बाजूला वरून टांगलेली असते. ओहोटीला आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं, भरती तिला दाबून बंद करते. उंबऱ्यात एक फांदी किंवा प्लॅस्टिकची बाटली अडकली की बोटभर फट राहते आणि उधाणाच्या चार-पाच दिवसांत खारं पाणी भातात पोचतं. चौकटीवर कालवं धरतात, बिजागरी गंजते, कधी मासे मिळावेत म्हणून झडप मुद्दाम उचलून धरली जाते. खाजणाला भरती हवी आणि मागच्या शेतकऱ्याला ती नको, हा खरा तंटा आहे. त्यावर चालणारा तोडगा म्हणजे वेगळ्या कप्प्यात उंची ठरवलेली एक झडप आणि आतल्या अंगाला कमरेएवढा मातीचा बांध. बांधालगतच्या पट्ट्यात झिरपा राहतोच. तिथे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेलं ‘पनवेल ३’सारखं क्षार सोसणारं भात लावावं.

लागवड सर्वांत शेवटी. भरती मोकळी झाली आणि पातळी बरोबर असली तर तिवराचं बी आपणहून येतं. रोपं मरतात ती बहुधा फार खालच्या चिखलात लावल्यामुळे. शेजारच्या धडधाकट झाडांच्या बुंध्याशी जमिनीची पातळी मोजा आणि त्याच पातळीत लावा, वर नाही, खाली नाही. वरच्या गोड्या पाण्यात करंज, उंबर, वाळुंज आणि पाण्यालगत शेरणी. काठाचा उतार दीडास एकपेक्षा (दीड मीटर आडव्याला एक मीटर उंची) उभा ठेवू नका. काथ्याची जाळी अंथरून बांबूच्या खुंट्यांनी पक्की करा, नाहीतर मुळं धरण्याआधीच पहिला पूर माती नेतो.

मातीकाम १५ मेपर्यंत संपलं पाहिजे. परवानगी एप्रिलच्या शेवटी हातात आली तर त्या वर्षी फक्त मोरी साफ करा आणि उघाडीची बिजागरी बदला. अर्धवट उकरलेला काठ पावसात सोडला तर सगळी माती खाडीत, तिवरांच्या श्वसनमुळांवर जाऊन बसते.